पोळपाटावरचा मेपल

मी फक्त चमचाभर माती काढणार होतो. हे मी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, वहिनीला तर तीनदा सांगितलं. शेजारच्या जयंतीताईंनाही सांगितलं, ज्यांचा या प्रकरणात काडीचाही दोष नव्हता. कुणाचाच विश्वास बसला नाही. तुमचाही बसणार नाही. पण तुमच्या घरातला पोळपाट निदान जागेवर आहे, तेव्हा तुम्ही जरा शांतपणे ऐकून घ्याल.

आमच्या मुलुंडच्या घरात, हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोच्या बरोबर समोर एक काचेच्या दाराचा फ्रीज आहे. दुकानात थंड बाटल्या ठेवतात ना, तसला उभा. त्यात बाटल्या नाहीत. त्यात एक झाड आहे. दीड फूट उंचीचा जपानी मेपल, बोन्साय केलेला. पाहुणे घरात आले की आधी फ्रीजकडे बघतात आणि म्हणतात, "थंड काही नको हां, उगाच त्रास." मग त्यांना आत झाड दिसतं आणि ते चहालाही नको म्हणतात.

हे झाड माझ्या दादाचं. प्रबुद्धदादाचं. तो अंधेरीला विम्याच्या ऑफिसात होता आणि सुट्टीच्या दिवशी मनोरीला श्यामसुंदर काकांकडे बोन्साय शिकायला जायचा. काकांच्या अंगणात शंभरेक बोन्साय आहेत. तिथे थंड गावाहून नुकतंच आलेलं हे रोप त्याने घरी आणलं तेव्हा काकांनीच सांगितलं होतं, की बाबा रे, हे मुंबईत जगणार नाही. याला हिवाळा लागतो. दोन-अडीच महिने कडक थंडी मिळाली नाही तर हे झोपत नाही, आणि झोपलं नाही तर जगत नाही.

दादा घरी येऊन मला म्हणाला, "केतन, तू एसीवाला ना? मग मला मुलुंडमध्ये हिवाळा करून दे."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. नववीत दोनदा नापास झालेल्या माणसाला इतकं मोठं काम कुणी सांगत नाही हो. मी एका बंद पडलेल्या दुकानातला भंगार फ्रीज उचलून आणला, त्याचा कॉम्प्रेसर बदलला, आतल्या जाळ्या काढल्या आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असा हिवाळा आमच्या हॉलमध्ये बसवून दिला. झाड जगलं. पाच वर्षं जगलं.

दादा नाही जगला. जूनमध्ये त्याला कावीळ झाली आणि नऊ दिवसांत गेला. चौतीस वर्षांचा होता.

(हे मी पटकन सांगून टाकलं. हळू सांगता येत नाही. दोनदा प्रयत्न केलाय.)

लोक भेटायला आले तेव्हा एक गंमत झाली. दादाचा फोटो आम्ही फ्रीजवर ठेवला होता. लोक यायचे, चपला काढायचे आणि फ्रीजसमोर हात जोडून उभे राहायचे. बाबांच्या जुन्या कंपनीतले एक गृहस्थ तर फ्रीजच्या दाराला हार अडकवून गेले. दादा असता तर पोट धरून हसला असता. मी मागे वळून त्याच्याकडे बघितलंसुद्धा.

असो. तर जानेवारीचा शेवटचा आठवडा. दीप्तीवहिनी चार दिवसांसाठी सांताक्रूझला माहेरी गेली होती, तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना मला म्हणाली, "केतन, झाडाला रोज सकाळी पाणी फवार. आणि पाव वळसा फिरव."

"फ्रीजमध्ये कशाला फिरवायचं? तिथे काय ऊन येतं?"

"ते फिरवायचे," ती म्हणाली. विषय संपला.

दादाची बोन्सायची वही फ्रीजवरच, त्याच्या फोटोशेजारी होती. वहिनीने ती सात महिन्यांत उघडली नव्हती. त्याचं अक्षर बघवत नाही म्हणायची. मी उघडली. मला अक्षरं तशीही हळूहळू लागतात, त्यामुळे त्रास कमी होतो. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: 'मेपल. येत्या जानेवारीअखेर मुळांचं काम.' खाली एक चित्र. मधे खोड आणि चहूबाजूंनी मुळं, विहारातल्या धम्मचक्राच्या आऱ्यांसारखी. मुळांच्या खाली एक गोल सपाट वस्तू, आणि बाण काढून लिहिलेलं: 'फळी.'

हे मला माहीत होतं. बोन्सायवाल्यांत झाडाची इज्जत पानांवर नसते, मुळांवर असते. बुंध्यापाशी मातीच्या वर मुळं दिसायला हवीत, सगळीकडे सारखी पसरलेली, झाडाने जमीन घट्ट पकडल्यासारखी. दादाच्या मेपलला ती नव्हती. काठी खोचल्यासारखा तो मातीतून सरळ वर यायचा. दादा म्हणायचा, "खांबासारखं दिसतंय रे. यंदा नाही, पुढच्या वर्षी याची मुळं सुधारायची." दरवर्षी पुढच्या वर्षी.

आता पुढचं वर्ष आलं होतं, आणि जानेवारीअखेर होती, आणि दादा नव्हता. वहिनी परत येईल तेव्हा झाडाची मुळं झकास बाहेर आलेली असतील, असं माझ्या मनात आलं. फार नाही. वरची चमचाभर माती काढायची, आत काय आहे ते बघायचं, बस.

मी पान बघितलं, चित्र बघितलं आणि वही मिटली. (आमच्या धंद्यात मशीनबरोबर येतं ते पुस्तक कुणी वाचत नाही. चित्र बघायचं आणि ड्रिल काढायचं. पान उलटणारा मेकॅनिक मी अजून पाहिलेला नाही.)

दुपारी आई विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेली. बाबा सोफ्यावर झोपले होते, तोंडावर पेपर टाकून. मी झाड बाहेर काढलं, हॉलच्या मधोमध ठेवलं आणि चहाच्या चमच्याने माती काढली.

एक चमचा. काही दिसलं नाही.

दुसरा चमचा. एक मूळ दिसलं. पण ते बाहेर पसरायच्या ऐवजी खोडाभोवतीच गोल फिरून बसलं होतं, गळ्यात मफलर घातल्यासारखं. हे वाईट, एवढं मला कळत होतं. मफलर आवळत जातो आणि झाडाचा गळा दाबतो. आता तुम्हीच सांगा, एखाद्याचा गळा आवळला जातोय हे दिसल्यावर माणूस चमचा खाली ठेवतो का?

विसाव्या चमच्याला मी झाडच कुंडीतून उपसलं.

खाली मुळांचा आणि मातीचा असा दगडासारखा गोळा झाला होता. चमच्याने हलेना, ब्रशने हलेना. आणि नेमकं तेव्हाच माझं लक्ष दाराजवळच्या माझ्या प्रेशर पंपाकडे गेलं. एसीची कॉइल धुवायचा पंप. तीन वर्षांचा मळ तो तीन मिनिटांत काढतो.

पंपाने काम चोख केलं, त्याबद्दल तक्रार नाही. एका मिनिटात मुळं स्वच्छ धुऊन निघाली. फक्त माती कुठे जाणार याचा विचार मी केला नव्हता. ती सगळीकडे गेली. पंख्यावर गेली, टीव्हीवर गेली, बाबासाहेबांच्या काचेवर गेली. दादाच्या फोटोवर नेमका कपाळाच्या मधोमध एक थेंब गेला. आणि बाबांच्या पेपरवर शिंतोडे पडले.

पेपर खाली झाला. बाबांनी मला बघितलं, पंप बघितला, माझ्या डाव्या हातात मुळांना धरून उलटं लटकवलेलं झाड बघितलं.

"एसीला मुळं फुटली का?" ते म्हणाले.

"बाबा, आईला सांगू नका."

बाबांनी जरा विचार केला. त्यांना मधुमेह आहे आणि आई त्यांना बिनसाखरेचा चहा देते. "दोन चमचे," ते म्हणाले. "रोज. ती विहारात गेली की." आणि त्यांनी पेपर पुन्हा तोंडावर घेतला.

मी दादाच्या फोटोवरचा थेंब पुसला. तो आपला नेहमीसारखा हसत होता. लहानपणापासून मी काहीही मोडलं, उसवलं, जाळलं, की दादा यायचा, माझ्या खांद्याला हात लावायचा आणि एकच शब्द बोलायचा. "सरक." मग मी सरकायचो, तो माझ्या जागी बसायचा आणि ते नीट करायचा. सायकल, रेडिओ, नववीचं प्रगतिपुस्तक. त्या दुपारी मी ते झाड हातात धरून मिनिटभर तसाच बसून राहिलो. कुणी सरक म्हणालं नाही.

मग मीच कामाला लागलो.

गळ्याभोवतीचं मूळ कापलं. खाली लोंबणारी जाड मुळं कापली. उरलेली बारीक मुळं चित्रातल्यासारखी चहूबाजूंनी पसरायची होती, आणि ती पुन्हा खाली घुसू नयेत म्हणून त्यांच्याखाली फळी हवी होती. गोल, सपाट, लाकडाची. मी स्वयंपाकघरात गेलो.

आता आईचा पोळपाट म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. शिसवी, जड, तीन पायांचा. आई लग्न होऊन अकोल्याहून आली तेव्हा तिच्या आईने बरोबर दिलेला. चाळीस वर्षं त्यावर लाटून लाटून मधे जरासा खोलगट झालेला. मी तो हातात घेतला आणि खरं सांगतो, मला वाटलं देवाने... म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण कुणीतरी हा बोन्सायसाठीच बनवलाय. तीन पाय, म्हणजे खालून पाण्याचा निचरा. मधे खोलगट, म्हणजे बुंधा बरोब्बर बसणार. मधोमध एक भोक पाडून खालून खोडात स्क्रू मारला की हलायचं नाव नाही.

मी मधोमध भोक पाडलं. खालून स्क्रू मारला. मुळं चक्रासारखी पसरून, पाइप भिंतीला धरून ठेवायच्या छोट्या क्लिपांनी पोळपाटावर एकेक करून बसवली. चौदा मुळं, चौदा क्लिपा. इतकं सुबक फिटिंग मी कुठल्या गिऱ्हाइकाकडेही केलेलं नाही.

मग कळलं, की पोळपाट कुंडीत मावत नाही.

माळ्यावर एक मोठी स्टीलची परात होती. काठावर नाव कोरलेलं: 'चि. प्रबुद्ध यास पहिल्या वाढदिवशी मामाकडून भेट.' हिच्याएवढी योग्य वस्तू जगात दुसरी नव्हती. दादाचं झाड दादाच्या परातीत. तिलाही नऊ भोकं पाडली. (एकदा ड्रिल हातात आलं की हात थांबत नाही.) आत पोळपाट, वर माती. परातीला बाहेरून एसीच्या पाइपावर गुंडाळतात तो काळा फोम लावला, वरून टेप मारली. एकदम कंपनीची कुंडी. झाड फ्रीजमध्ये, दार बंद. आई यायच्या आत पंख्याचं एक पातं सोडून सगळा हॉल पुसून झाला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"केतन, पोळपाट पाहिलास का रे?"

पाहिला होताच. म्हणून मी म्हणालो, "सकाळी होता."

आईने ओटा पाहिला, ओट्याखाली पाहिलं, फडताळ पाहिलं. रागावली की आईची भाषा मुलुंड सोडते आणि थेट अकोल्याला जाऊन उभी राहते. "माहा पोळपाट पाय फुटून गेला काय? काऊन रे, बोलत काऊन नाही?"

"मी काय बोलू?"

"तुम्ही पाहिला?" तिने बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मी झोपलो होतो," ते म्हणाले, आणि बशीतला गोड चहा शांतपणे संपवला.

त्या दिवशी आईने उलट्या ताटावर पोळ्या लाटल्या. उलटं ताट डगमगतं, त्यामुळे एकही पोळी गोल होईना. बाबा एक पोळी हातात धरून म्हणाले, "ही बुलढाणा जिल्ह्यासारखी दिसते." आई त्यावर जे बोलली ते मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला आठवलं, की मागच्या उन्हाळ्यात पापड लाटायला जयंतीताईंनी पोळपाट नेला होता. जयंतीताई आमच्या समोरच्या दारात राहतात. आई वाटी घेऊन साखर मागायला गेली. आमच्या घरात साखर होती. (म्हणजे होती असं आईला वाटत होतं. बाबांमुळे ती झपाट्याने कमी होत होती.) साखर घेताना आईने त्यांचा ओटा बघितला, ओट्याखाली वाकून बघितलं.

"शांताबाई, काही पडलं का?"

"नाही, म्हटलं तुमचा पोळपाट नवीन दिसतो."

"नवीन कुठला? बारा वर्षं झाली."

"जुन्यासारखाच वाटतो."

"कुणाच्या जुन्यासारखा?"

दोन मिनिटांत दोन्ही दारं धाडकन बंद झाली. तीस वर्षांचा शेजार. मी हॉलमध्ये बसून फ्रीजकडे बघत होतो. आता सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं तर आई पोळपाट ओढून काढणार, आणि मुळं आत्ताच कापलेली, चौदाच्या चौदा तुटणार. दादाचं झाड मी मारलं असं होणार. पोळपाट हरवला तर तो हरवला एवढंच होतं. मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प पहिल्यांदाच बसलो होतो.

वहिनी परत आली. तिने बॅगही खाली ठेवली नाही, आधी फ्रीज उघडला.

"ही कुंडी कुठली?"

"हिवाळ्याची आहे. मी बनवली."

"तू बनवलीस?" ती बघतच राहिली. काळ्या फोमवरून तिने हात फिरवला. "केतन... हे असायला हवे होते रे, बघायला."

मला फ्रीजमध्ये शिरून दार लावून घ्यावंसं वाटलं.

आता दुखणं असं, की हिवाळ्यात मेपलला एक पान नसतं. जिवंत झाडही काठी आणि मेलेलं झाडही काठी. वसंतात कोंब फुटला तरच कळणार. मी रोज कामावर जाताना बघायचो, आल्यावर बघायचो. लोकांच्या एसीतला गॅस भरताना माझ्या डोळ्यांसमोर चौदा मुळं यायची. एका बाईंनी विचारलं, "होईल ना हो ठीक?" मी म्हणालो, "मार्चमध्ये कळेल." त्यांनी दुसरा मेकॅनिक बोलावला.

वहिनी रोज सकाळी पाणी फवारायची आणि कुंडी पाव वळसा फिरवायची. मी मागच्या बाजूला केलेलं परातीवरचं नाव त्यामुळे पुढे यायचं, पण फोमखाली होतं म्हणून मला काळजी नव्हती. मी एक गोष्ट विसरलो. फ्रीजमध्ये ओल असते, आणि ओलीने टेप सुटते. (गिऱ्हाइकं ही तक्रार आमच्याकडे दर पावसाळ्यात करतात. मी दरवेळी म्हणतो, "असं होऊच शकत नाही.")

दहाव्या दिवशी वहिनीची हाक आली. मोठ्याने नाही. हळू.

"आई, जरा इकडे या."

टेप सुटून फोम लोंबत होता. काचेतून स्वच्छ वाचता येत होतं: 'चि. प्रबुद्ध यास पहिल्या वाढदिवशी.'

आई चष्मा लावून पुढे झाली. एकेक अक्षर तिने बोटाने वाचलं. मग ती वळली. "माळ्यावरची परात?"

"मी फक्त चमचाभर माती काढणार होतो," मी म्हणालो.

"परातीत भोकं पाडली?"

"नऊच."

"काऊन?"

"पोळपाट कुंडीत मावत नव्हता म्हणून."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि घरात अशी शांतता झाली, की फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद झालेलाही ऐकू आला. बाबांनी पेपर वर घेतला.

"माहा पोळपाट," आई म्हणाली, "या मातीत हाय?"

"मुळांच्या खाली. तिथे सुरक्षित आहे. मधे एकच भोक आहे."

आईने फ्रीजच्या दाराला हात घातला. मी मधे पडलो. "आई, ओढू नकोस, मुळं तुटतील! एकदा तुटली की संपलं!"

"सोड मला!"

तेवढ्यात माझ्या खांद्याला हात लागला.

"सरक," वहिनी म्हणाली.

मी सरकलो. माझ्याकडून दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. वहिनी फ्रीजसमोर मांडी घालून बसली, बोटाने वरची माती जराशी बाजूला केली. एक मूळ दिसलं, क्लिपेखाली सरळ बाहेर गेलेलं. तिने मनोरीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

श्यामसुंदर काकांनी सगळं ऐकून घेतलं. पंपाचं ऐकल्यावर त्यांना खोकला आला. पोळपाटाचं ऐकल्यावर त्यांनी तो शब्द दोनदा विचारून घेतला.

"काका, आता?"

"अरे शहाण्या, हे काम तीन वर्षांत थोडं थोडं करतात. तू एका दुपारी केलंस? आता कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. जगलं तर मार्चमध्ये कोंब येईल."

"आणि पोळपाट?" आई फोनकडे वाकून म्हणाली.

"जगलं तर दोन वर्षं काढता येणार नाही, ताई. मेलं तर उद्याही काढा."

आई बराच वेळ झाडाकडे बघत उभी राहिली. दादा गेल्यापासून ती त्या फ्रीजकडे बघायची नाही. केर काढतानासुद्धा तोंड फिरवून काढायची. मग तिने दार लावलं, नीट, हलक्या हाताने.

"राहू दे," ती म्हणाली. "ताटावर लाटीन."

आणि दुसऱ्या दिवसापासून पंचाईत झाली. आई सकाळी उठली की आधी फ्रीजसमोर. "माहा पोळपाट हाय आत, मी पाहणारच," म्हणायची. वहिनीच्या आधी पाणी फवारायची. वहिनीने एकदा फिरवलेली कुंडी पुन्हा फिरवायची, त्यामुळे मेपलला दिवसातून अर्धा वळसा पडायला लागला. एकदा मी तिला त्याच्याशी बोलतानाही ऐकलं. काय ते कळलं नाही. पण अकोल्याच्या भाषेत होतं, म्हणजे रागावत असावी. किंवा नसावी.

फेब्रुवारी संपता संपता झाड गॅलरीत सावलीत ठेवलं. मार्चचा पहिला आठवडा कोरडा गेला. दुसऱ्या आठवड्यातले चार दिवस गेले. मी मनातल्या मनात वहिनीला सांगायची वाक्यं जुळवायला लागलो होतो. एकही जुळत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर आई गॅलरीतून जी धावत सुटली ती थेट समोरचं दार ठोठावायला. दीड महिन्यात ती दोन घरं एकमेकांशी बोलली नव्हती.

"जयंतीताई! बाहेर या! माझ्या पोळपाटाला पालवी फुटली!"

जयंतीताईंनी दार किलकिलं केलं. "शांताबाई, आधी मला चोर ठरवलंत. आता पोळपाटाला पानं फुटली म्हणता. केतनच्या बाबांना बोलवू का?"

"अहो, चुकलं माझं, हात जोडते. पण बघायला तर चला!"

त्या आल्या. आम्ही सगळे गॅलरीत दाटीवाटीने वाकून उभे राहिलो. सगळ्यात वरच्या फांदीला मिरचीच्या बीएवढा लाल ठिपका. नुसता ठिपका. वहिनीने तोंडावर पदर धरला. बाबा म्हणाले, "आज तरी गोड चहा उघड उघड द्या," आणि साखरेचं बिंगही त्याच दिवशी फुटलं.

पुढच्या रविवारी श्यामसुंदर काका आले. तोवर इवली इवली लाल पानं उघडली होती. काकांनी खिशातून भिंग काढलं, वरची माती हलकेच सारली आणि झाडाभोवती चार फेऱ्या मारल्या. आम्ही सगळे निकालाला उभे असल्यासारखे उभे. (मला त्याचा अनुभव आहे.)

"तीन बाजूंनी मुळं धरलीत," काका अखेर म्हणाले. "चौथी बाजू मोकळी आहे, तिथे पुढच्या वर्षी छोट्या रोपाचं मुळासकट कलम लावू. पण... खरं सांगू? पोळपाट वाईट नाही."

आई अशी काही हसली, की तो पोळपाट तिनेच सुचवला होता असं कुणालाही वाटावं.

"आता माती परत भर," काका मला म्हणाले. "मुळांमधे पोकळी ठेवू नकोस. काडीबिडीने हळूहळू दाब." मी स्वयंपाकघरात जाऊन हाताला लागलं ते घेऊन आलो आणि खाली बसून माती दाबायला लागलो. "प्रबुद्धची वही आहे का? त्याने काय योजलं होतं ते बघू या."

वहिनी आत गेली. वही घेऊन आली. क्षणभर ती तशीच छातीशी धरून उभी राहिली, मग तिने उघडली. चित्राचं पान बघितलं. अक्षरांवरून बोट फिरवलं.

आणि पान उलटलं.

"मागे पण लिहिलंय," ती म्हणाली.

"वाच," आई म्हणाली.

वहिनीने वही उजेडाकडे धरली. "'एका वर्षी थोडीच मुळं कापायची. घाई नाही. माती हलक्या फवाऱ्याने धुवायची.'"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी माती दाबत राहिलो.

"'फळी गोल हवी. आईच्या पोळपाटाएवढी. सुताराकडून करून घेणे.'"

आता आईनेही माझ्याकडे बघितलं.

"'हे काम केतन घरी नसताना करायचं. बोरिवलीला वगैरे लांब सर्व्हिसिंगला जाईल तो दिवस धरावा.'" वहिनी थांबली. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळेना. "'फळीचं त्याला काही सांगू नये. सांगितलं तर तो सरळ पोळपाट घेईल.'"

पहिल्यांदा बाबांचा आवाज आला. पेपरामागून खुर्र असा काहीतरी आवाज आला आणि पेपर हलायला लागला. मग काका हसायला लागले. मग आई. वहिनी तर भिंतीला टेकून खालीच बसली, वही मांडीवर धरून, डोळ्यांतून पाणी आणि हसू थांबेना. जूननंतर आमच्या घरात एवढा आवाज पहिल्यांदाच झाला. समोरचं दार उघडलं, जयंतीताई विचारायला आल्या, "आता कशाला पालवी फुटली?"

नऊ महिन्यांनी दादा मला ओरडला होता. तोही सगळ्यांसमोर, आणि अगदी बरोबर. पण माझीही काही बाजू होती. मी घसा साफ केला. म्हटलं, आता सांगू या सगळ्यांना, की मी पूर्वीचा केतन राहिलेलो नाही, या दोन महिन्यांत मी खूप शिकलो, आता घरातल्या कुठल्याही वस्तूला न विचारता हात लावणार नाही.

"हे बघा, मी आता..."

"ते सगळं मागून," आई डोळे पुसत म्हणाली. "आधी हातातलं लाटणं खाली ठेव."